विश्लेषण : ‘बुकर’च्या लघुयादीवर वाचक भांडतात कशासाठी? आणि मराठीत हे भांडण का होत नाही?

२३ सप्टेंबर २०२५ रोजी बुकर पुरस्काराची सहा पुस्तकांची लघुयादी जाहीर झाली. तीत किरण देसाई यांचे नाव दिसताच भारतीय वाचकांत एकच चर्चा सुरू झाली, त्यांना दुसरे बुकर मिळणार का? २००६ मध्ये ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ला हा पुरस्कार मिळाल्यानंतर १९ वर्षांनी त्यांची कादंबरी येत होती. १० नोव्हेंबरला निकाल लागला आणि पुरस्कार गेला डेव्हिड सॉलॉय यांच्या ‘फ्लेश’ या कादंबरीला. देसाईंचे नाव सांगणाऱ्यांचा अंदाज चुकला. पण मधल्या ४८ दिवसांत सहा कादंबऱ्यांविषयी जगभरचे वाचक हिरिरीने बोलत होते. कुणाची शैली नवी, कुणाची कथा पसरट, कोणाला उगाच डावलले, कोणाला उगाच घेतले, असा हा वाद होता. एखाद्या मराठी पुस्तकावर असा वाद पुरस्कार जाहीर होण्यापूर्वी झालेला आठवतो का? आपल्याकडे वाद होतात, नाही असे नाही. पण ते बहुधा निकालानंतर होतात आणि पुस्तकाबद्दल क्वचितच असतात. लघुयादीचे भाकीत करण्याचा हा खेळ नेमका काय आहे, त्यातले अंदाज इतके का चुकतात आणि चुकूनही तो उपयोगाचा कसा, याचा हा आढावा.

लघुयादी तयार कशी होते?

बुकर पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. पहिला मान पी. एच. न्यूबी यांच्या ‘समथिंग टु आन्सर फॉर’ या कादंबरीला मिळाला. इंग्रजीत लिहिलेली आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये ठरलेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेली कादंबरी यासाठी पात्र ठरते. हे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे मोजतात. आधी राष्ट्रकुलातील देश, आयर्लंड अशी लेखकाच्या नागरिकत्वाची अट होती. २०१४ पासून ती काढून टाकण्यात आली आणि अमेरिकी लेखकांनाही दार उघडले.

दरवर्षी पाच परीक्षक नेमले जातात. त्यांच्याकडे दीडशेच्या आसपास पुस्तके येतात. २०२५ मध्ये ती १५३ होती. त्यातून १२ किंवा १३ पुस्तकांची दीर्घयादी, तीतून सहा पुस्तकांची लघुयादी आणि त्यातून एक विजेता अशी ही उतरंड आहे. दीर्घयादी जाहीर करण्याची पद्धत २००१ पासूनची. लघुयादीतील प्रत्येक लेखकाला अडीच हजार पौंड मिळतात, विजेत्याला ५० हजार पौंड. दीर्घयादीतील पुस्तके परीक्षक पुन्हा वाचतात आणि लघुयादीतील सहा तिसऱ्यांदा. या तिसऱ्या वाचनात टिकते ते पुस्तक पहिल्या वाचनात चमकलेलेच असेल असे नाही. अंदाज बांधणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. सगळ्याच प्रकाशकांना सारखीच पुस्तके पाठवता येत नाहीत. ज्या प्रकाशनसंस्थेची पुस्तके मागील पाच वर्षांत दीर्घयादीत अधिक आली, तिला अधिक पुस्तके पाठवण्याची मुभा असते. म्हणजे स्पर्धेची पहिली चाळणी परीक्षकांच्या टेबलावर लागत नाही, ती प्रकाशकाच्या कचेरीत लागते.

वाचक अंदाज कशावरून बांधतात?

सराईत अंदाजकर्ते चार गोष्टी पाहतात. पहिली, लेखकाचा पूर्वेतिहास. यापूर्वी लघुयादीत आलेला लेखक पुन्हा येण्याची शक्यता त्यांना अधिक वाटते. सॉलॉय स्वतः २०१६ मध्ये ‘ऑल दॅट मॅन इज’साठी लघुयादीत होते. दुसरी, परीक्षकांची पार्श्वभूमी. २०२५ च्या समितीचे अध्यक्ष कादंबरीकार रॉडी डॉइल होते आणि सदस्यांत अभिनेत्री सारा जेसिका पार्कर यांचा समावेश होता. मग ‘यांना काय आवडेल’ याचे आडाखे सुरू होतात. तिसरी, वृत्तपत्रांतील परीक्षणे. चौथी आणि सर्वात महत्त्वाची, स्वतःचे वाचन. काही वाचकगट तर आपलीच छाया-समिती नेमतात, सगळी दीर्घयादी वाचतात, मते टाकतात आणि खऱ्या परीक्षकांच्या आधी आपला निकाल जाहीर करून मोकळे होतात.

चौथ्या मुद्द्यात एक गंमत आहे. देसाई यांची कादंबरी जुलैच्या अखेरीस दीर्घयादीत आली, पण बाजारात आली ती सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे ऑगस्टमध्ये तिच्या बाजूने किंवा विरोधात हिरिरीने बोलणाऱ्या बहुतेकांनी ती वाचलेलीच नव्हती. अशा वेळी अंदाज पुस्तकाचा राहत नाही, नावाचा होतो. भारतीय वाचकांच्या बाबतीत त्यात थोडे ममत्वही मिसळले होते. किरण यांच्या आई अनिता देसाई १९८०, १९८४ आणि १९९९ अशा तीन वेळा लघुयादीत आल्या, पण पुरस्काराने त्यांना तिन्ही वेळा हुलकावणी दिली. लेकीला दोनदा मिळावा, असे वाटणे स्वाभाविक होते. मात्र मनातली इच्छा वेगळी आणि भाकीत वेगळे.

बुकींचे भाव काय सांगतात?

ब्रिटनमध्ये साहित्य पुरस्कारांवर पैज लावणे कायदेशीर आहे. घोड्यांच्या शर्यतीचे भाव काढणाऱ्या कंपन्या बुकरच्या यादीवरही भाव काढतात आणि वृत्तपत्रे ते छापतात. त्यामुळे कोणते पुस्तक ‘आघाडीवर’ आहे याचा एक आकडा वाचकांच्या हाती लागतो.

हा आकडा वाचायचा कसा? ‘पाचास एक’ असा भाव म्हणजे एक पौंड लावला आणि पुस्तक जिंकले तर पाच पौंड नफा. या भावामागे जिंकण्याची शक्यता सहात एक, म्हणजे सुमारे १७ टक्के धरलेली असते. आता समजा सहा पुस्तकांचे भाव अनुक्रमे दोनास, तिनास, चारास, पाचास, सहास आणि आठास एक असे आहेत. या सहा शक्यतांची बेरीज केली तर ती १०० येत नाही, सुमारे १२० टक्के येते. वरचे २० टक्के हा बुकीचा नफा. म्हणजे भाव हे शुद्ध भाकीत नव्हे. धंदा सांभाळून काढलेला तो आकडा आहे.

शिवाय पुस्तकांवर लागणारा पैसा फुटबॉलच्या तुलनेत किरकोळ असतो. थोड्याशा रकमेनेही भाव हलतात. २०१० मध्ये टॉम मॅकार्थी यांच्या ‘सी’ या कादंबरीवर अचानक पैजांचा ओघ सुरू झाला, तेव्हा एका मोठ्या कंपनीला बुकरवरच्या पैजा घेणे थांबवावे लागले. आतली बातमी फुटली, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात पुरस्कार मिळाला हॉवर्ड जेकबसन यांच्या ‘द फिंकलर क्वेश्चन’ला.

अंदाज इतके चुकतात का?

उदाहरणे भरपूर आहेत. २००६ मध्ये बुकींचे पारडे सारा वॉटर्स यांच्या बाजूने होते, जिंकल्या किरण देसाई. २००८ मध्ये आघाडीवर होते सेबॅस्टियन बॅरी, जिंकले ‘द व्हाइट टायगर’चे अरविंद अडिगा. २०१४ मध्ये कोलकात्यात जन्मलेले नील मुखर्जी यांचे नाव घेतले जात होते, पुरस्कार रिचर्ड फ्लॅनगन यांना मिळाला. २०१५ मध्ये हान्या यानागिहारा यांची ‘अ लिटल लाइफ’ आघाडीवर, विजेते मार्लन जेम्स. २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ आघाडीवर आणि पुरस्कार समांथा हार्वी यांच्या जेमतेम १३६ पानांच्या ‘ऑर्बिटल’ला. अंदाज खरे ठरतच नाहीत असे नाही. २००९ मध्ये हिलरी मँटेल यांची ‘वुल्फ हॉल’ आणि २०१७ मध्ये जॉर्ज सॉन्डर्स यांची ‘लिंकन इन द बार्डो’ या आघाडीवरच्या पुस्तकांनीच बाजी मारली. पण त्यावर विसंबून घर चालणार नाही.

लघुयादीचा अंदाज तर विजेत्यापेक्षाही कठीण. १३ पुस्तकांतून सहा निवडण्याचे १,७१६ वेगवेगळे प्रकार होतात. त्यातला एकच बरोबर. दुसरीकडे, एकही पुस्तक न वाचता डोळे मिटून सहा नावांवर बोट ठेवले तरी सरासरी पावणेतीन नावे बरोबर येतात. म्हणून ‘माझी तीन नावे बरोबर आली’ ही फुशारकी फोल आहे. ती नशिबाचीही कामगिरी असू शकते. डोळे मिटून बोट ठेवणाऱ्या पाच जणांपैकी साधारण एकाची चार किंवा अधिक नावे बरोबर येतात. पाच किंवा सहा नावे मात्र चाळिसात एखाद्याचीच. तिथून पुढे कौशल्याची गोष्ट सुरू होते.

पण चुकण्याचे खरे कारण गणितात नाही, माणसांत आहे. निवड पाच जण मिळून करतात. समजा ‘अ’ ही कादंबरी दोन परीक्षकांना प्रचंड आवडली, त्यांनी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. उरलेल्या तिघांना ती सहन होत नाही, त्यांचे तीन-तीन. बेरीज २९. ‘ब’ ही कादंबरी पाचही जणांना चांगली वाटली, प्रत्येकाचे सात. बेरीज ३५. परीक्षक असे गुण मांडत बसत नाहीत, चर्चा करतात. पण चर्चेचा कलही बऱ्याचदा असाच असतो. बाहेरचा वाचक आपल्या लाडक्या ‘अ’वर पैज लावतो आणि आतले पाच जण ‘ब’वर एकमत करतात. कधी कधी ते एकमतही होत नाही. २०१९ मध्ये पुरस्कार विभागून देण्यास नियमाने मनाई असतानाही समितीने मार्गारेट अ‍ॅटवूड आणि बर्नार्डिन एव्हारिस्टो या दोघींना तो दिला. कोणत्या बुकीने हे भाकीत केले असते?

यावरून एक धडा घेता येतो. लघुयादी म्हणजे वर्षातल्या सहा सर्वोत्तम पुस्तकांची यादी नव्हे. ठरावीक पाच माणसांचे, ठरावीक दिवशी, ज्या सहांवर जमले त्यांची ती यादी असते. हे लक्षात ठेवले की न निवडलेल्या पुस्तकांकडेही नीट पाहता येते. मँटेल यांच्या क्रॉमवेल-त्रयीतील पहिल्या दोन भागांना २००९ आणि २०१२ मध्ये बुकर मिळाले. तिसरा भाग ‘द मिरर अँड द लाइट’ २०२० मध्ये दीर्घयादीत आला, पण लघुयादीत नाही. अंदाजकर्त्यांना तो मोठाच धक्का होता. त्याने त्या कादंबरीचे वाचक काही कमी झाले नाहीत.

मग वाचकाच्या हाती काय लागते?

अंदाज चुकणारच असेल, तर हा उद्योग कशासाठी? कारण अंदाज बांधायचा तर वाचावे लागते, आणि तेही तुलना करत. एरवी आपण पुस्तक वाचतो आणि ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ म्हणून मिटून ठेवतो. दुसऱ्या पाचांशेजारी ठेवून ते वाचायचे असेल तर ‘का आवडले’ हे सांगावे लागते. समोरच्याने ‘पण ही कादंबरी शेवटी ढेपाळते’ म्हटले की पुन्हा पान उघडावे लागते. अंदाज खरा की खोटा हे विसरले जाते, पण वाद घालताना केलेले वाचन उरते.

दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा. निकालाआधी यादी सर्वांसमोर आली की परीक्षकांवरही नजर राहते. २०११ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी समितीच्या अध्यक्ष स्टेला रिमिंग्टन होत्या, ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेच्या माजी प्रमुख. समितीने ‘वाचनीयता’ हा निकष पुढे केला आणि अ‍ॅलन हॉलिंगहर्स्ट यांची ‘द स्ट्रेंजर्स चाइल्ड’ लघुयादीतून वगळली गेली. त्यावर लेखक, समीक्षक आणि वाचकांत जोरदार वाद झडला. पुस्तक भरभर वाचून होणे हा गुण की साहित्याची पातळी खाली आणणे? या वादातूनच एका वेगळ्या पुरस्काराची घोषणा झाली. पुढे तो ‘फोलिओ पुरस्कार’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि २०१४ मध्ये पहिल्यांदा दिला गेला. यादीवरचा वाद म्हणजे नुसती वाफ नव्हे. त्यातून साहित्याचे निकष उघड्यावर येतात आणि बदलूही शकतात.

याउलट नोबेल. साहित्याच्या नोबेलचीही पाचेक नावांची अंतिम यादी असते, पण ती ५० वर्षे गुप्त ठेवली जाते. म्हणून काय भाकिते थांबली? हारुकी मुराकामी यांचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांचे नाव तर ते २०२५ मध्ये निवर्तले तोवर दरवर्षी घेतले जात होते. फरक इतकाच की हे भाकीत पुस्तकाविषयी नसते, नावाविषयी असते. समोर यादीच नसल्यावर वाचायचे काय? आणि गुप्ततेने पावित्र्य टिकते म्हणावे, तर २०१८ मध्ये स्वीडिश अकादमीतील गैरप्रकारांच्या प्रकरणात त्या वर्षीचा पुरस्कारच पुढे ढकलावा लागला. विजेत्यांची नावे आधीच बाहेर फुटत होती, हा त्यातील एक आरोप होता.

या याद्यांत मराठी वाचकाचे काय?

बुकरच्या याद्यांत मराठी वाचकाच्या ओळखीचा मुलूख वरचेवर दिसतो. रोहिंटन मिस्त्री यांच्या १९९१, १९९६ आणि २००२ मध्ये आलेल्या तिन्ही कादंबऱ्या लघुयादीत होत्या आणि मुंबईचे पारशी जग त्यांत आहे. २०१२ च्या लघुयादीतील जीत थयिल यांची ‘नार्कोपोलिस’ मुंबईतल्या अफूच्या अड्ड्यांची कथा सांगते. २०२० च्या लघुयादीतील अवनी दोशी यांची ‘बर्न्ट शुगर’ पुण्यात घडते. मात्र या सगळ्या मूळ इंग्रजी कादंबऱ्या.

मराठी पुस्तकासाठी वाट आहे ती आंतरराष्ट्रीय बुकरची. इंग्रजीत अनुवादित झालेल्या पुस्तकासाठी हा पुरस्कार २०१६ पासून दरवर्षी दिला जातो आणि ५० हजार पौंड लेखक व अनुवादकात समान वाटले जातात. २०२२ मध्ये गीतांजली श्री यांच्या हिंदी ‘रेत समाधि’चा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद, तर २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला ‘हार्ट लॅम्प’ हा अनुवाद विजेता ठरला. २०२३ मध्ये पेरुमाळ मुरुगन यांची तमिळ कादंबरी दीर्घयादीत होती. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांत मराठीतून अनुवादित एकही पुस्तक या दीर्घयादीत आले नाही.

मराठीत लेखक नाहीत, हे त्याचे कारण नाही. नियम सांगतो की अनुवाद ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला हवा. वरची तिन्ही पुस्तके तिथल्या तुलनेने छोट्या, स्वतंत्र प्रकाशकांनी काढली. असा प्रकाशक मराठी पुस्तकाकडे वळायचा तर कोणते पुस्तक घ्यावे, हे त्याला कुठून तरी कळायला हवे. ‘यंदाची मराठीतील सहा पुस्तके ही, आणि त्यांवर वाचक असे भांडताहेत’ ही माहिती अनुवादक आणि प्रकाशक दोघांच्याही कामाची. भारतात जेसीबी पुरस्काराने २०१८ ते २०२४ या काळात हे काम काही प्रमाणात केले. २०२४ च्या त्याच्या पाच पुस्तकांच्या लघुयादीत शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘सनातन’चा इंग्रजी अनुवाद होता. मराठी कादंबरी लघुयादीत पोचते, पण त्यासाठी तिला आधी इंग्रजीत जावे लागते, हे यातले दुखणे.

मराठी पुरस्कारांत हा टप्पा का हवा?

साहित्य अकादमीचा पुरस्कार असो की राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार, त्यांच्या निवडीत छाननीचे टप्पे असतात, परीक्षक असतात. पण अंतिम फेरीतील पुस्तके वाचकांपुढे ठेवायची, महिना-दीड महिना त्यांवर बोलू द्यायचे आणि मग निकाल सांगायचा, ही रीत आपल्याकडे रुजलेली नाही. बातमी येते ती थेट विजेत्याची. मग अभिनंदनाचे फलक, सत्काराचे हार आणि कोपऱ्यात ‘कोणाच्या ओळखीने मिळाला’ ही कुजबुज. कोणत्या पुस्तकांना मागे टाकून हे पुढे आले, हेच माहीत नसल्याने कुजबुजीला उत्तरही देता येत नाही.

दोन जुन्या-नव्या प्रसंगांवरून या उणिवेची किंमत कळते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. नंतर पुस्तकाच्या प्रकाशनकाळावरून, म्हणजे ते पुरस्काराच्या मुदतीत बसते की नाही यावरून, वाद उभा राहिला आणि जीएंनी पुरस्कार परत केला. मराठी कथेतील एका थोर लेखकाला पात्रतेच्या तांत्रिक मुद्द्यापायी हा मनस्ताप झाला. अंतिम यादी आधीच लोकांसमोर असती, तर हा आक्षेप निकालापूर्वी आला असता, आणि पुरस्कार देऊन मग परतीची वेळ आली नसती.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०२२ चा. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांतच शासनाने तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. वाद मोठा झाला, पण तो पुस्तक वाचून झाला का? अनुवाद कसा आहे, इतर अनुवादांच्या तुलनेत तो का सरस ठरला, हे प्रश्न कुठेच ऐकू आले नाहीत. आधी चर्चा झाली असती तर सरकारचा हात थांबला असता, असा दावा कोणी करू नये. पण ज्या निर्णयामागे पुस्तके वाचून मत बनवलेले वाचक उभे असतात, तो एका आदेशाने पुसणे अवघड जाते. बंद खोलीतला निर्णय बंद खोलीतूनच मागे घेता येतो.

आक्षेप कोणते?

अंतिम यादी जाहीर करण्याला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला, परीक्षकांवर दबाव येईल. मराठी साहित्यविश्व लहान आहे; लेखक, परीक्षक आणि प्रकाशक एकमेकांना ओळखतात. पण दबाव आजही येतो, फक्त तो दिसत नाही. यादी जाहीर करताना परीक्षकांची नावे निकालापर्यंत राखून ठेवता येतील.

दुसरा, वगळलेल्यांचा अपमान होईल. खरे तर आज एक सोडून सगळेच वगळलेले असतात आणि कोणाला त्याचा पत्ताही नसतो. यादी आली तर चार-पाच लेखकांना किमान ‘अंतिम फेरीत’ असे म्हणता येईल. नवोदितासाठी ते थोडके नाही. २०२० च्या बुकर लघुयादीतील सहापैकी चार कादंबऱ्या त्यांच्या लेखकांच्या पहिल्याच होत्या. त्या चारांपैकी जिंकली एकच, पण नावे सगळ्यांची झाली.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. चर्चेच्या नावाखाली मोहिमा निघतील. जात, प्रदेश, विचारसरणी आणि चाहत्यांच्या फौजा मैदानात उतरतील आणि पुस्तक बाजूलाच राहील. हा धोका आहेच. त्यावर उपाय एकच, वाचकांची मते गोळा करून विजेता ठरवायचा नाही. बुकरमध्येही वाचकांच्या कौलाने निकाल लागत नाही. वाचकांनी बोलायचे, परीक्षकांनी ऐकायचे किंवा कानाआड करायचे, पण निर्णय परीक्षकांचाच. आणि निकालासोबत त्यांनी प्रत्येक अंतिम पुस्तकावर दोन परिच्छेद लिहायचे. कारणे लेखी दिली की मोहिमेचा आवाज आपोआप खाली येतो.

आता काय करता येईल?

यासाठी ना कायदा लागतो ना निधी. शासनाने किंवा साहित्यसंस्थांनी निकालाच्या महिनाभर आधी प्रत्येक विभागातील पाच पुस्तकांची नावे जाहीर करावीत. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ती पाच पुस्तके दारातच एका फळीवर मांडावीत. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेका पुस्तकावर एकेक दुपार ठेवावी. हे सुरू होईपर्यंत वाचकांचे कोणतेही मंडळ आपली यादी स्वतः काढू शकते. वर्षभरात वाचलेल्या मराठी पुस्तकांतून प्रत्येकाने पाच नावे कागदावर लिहायची, प्रत्येक नावापुढे एका वाक्यात कारण द्यायचे आणि वर्षअखेरीस निकाल लागला की ताडून पाहायचे.

तुमचा अंदाज बहुधा चुकेल. बुकींचाही चुकतो. पण त्या यादीत तुम्ही न वाचलेले एखादे पुस्तक शेजाऱ्याने लिहिलेले असेल आणि ‘हे कसे काय?’ म्हणत तुम्ही ते हाती घ्याल. मराठीत पुरस्कारांची वानवा नाही, परीक्षकांचीही नाही. वानवा आहे ती निकालाआधी पुस्तक वाचून त्याच्या बाजूने भांडणाऱ्या वाचकाची, आणि त्याला भांडायला यादी दिल्याशिवाय तो तयार होणार नाही.